शेवटच्या पानावरचा आहेर

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका निवृत्त संचालकांच्या आत्मचरित्रातले "असो" काढत बसले होते. दर परिच्छेदाच्या शेवटी एक असो. फोनवर संपादक म्हणाले, "वृंदाताई, यंदा आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात तुमचा लेख हवाच. विषय एकदम हटके आहे. पुस्तक फुकट वाटूनही लेखकाला पैसे कसे मिळतात? दिल्लीत हे तुमच्याइतकं कुणाला माहीत?"

मी विचारलं, "मानधन किती?"

ते हसले. अगदी मनापासून हसले. "अहो, आपलंच मंडळ आहे यार!"

तर लेखकांना पैसे कसे मिळतात यावरचा हा लेख मी फुकट लिहिते आहे, हे वाचकांनी आधीच ध्यानात घ्यावं.

माझं दुकान सरोजिनी नगरच्या बाजारात, पहिल्या मजल्यावर आहे. खाली जीन्सचं दुकान. दिवसभर खालून "दो सौ में दो, दो सौ में दो" अशी आरोळी येते आणि वर मी अशी पुस्तकं करत असते जी लोक शून्यात एक सुद्धा घेत नाहीत. दिल्लीत आले ती सुभेदारांची बायको म्हणून. कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये दुपार जाता जाईना म्हणून मराठी टायपिंग शिकले. सुरुवात लग्नपत्रिकांपासून केली. दिल्लीत मराठी पत्रिका शुद्ध जुळवून देणारं माणूस सापडत नाही, त्यामुळे हवाई दलातल्या जावयापासून मंत्रालयातल्या सासऱ्यापर्यंत सगळे माझ्याकडे यायचे. पत्रिकेच्या तळाशी "कृपया आहेर आणू नये" हे वाक्य मी इतक्या वेळा टाईप केलंय की झोपेतही बोटं चालतील. हे वाक्य पुढे पुन्हा येणार आहे.

पत्रिकांनंतर आरत्यांची पुस्तकं, मग कवितासंग्रह, मग सगळंच. त्या काळी लेखक आपल्या खर्चाने पुस्तक छापायचा, पहिल्या पानावर "सप्रेम भेट" लिहून वाटायचा आणि उरलेले गठ्ठे दिवाणाखाली ठेवायचा. बदली झाली की सोफा विकायचे, फ्रिज विकायचे, गठ्ठे मात्र ट्रकमध्ये चढायचे. मी टायपिंगचे पैसे घेतले, छापखान्याने छपाईचे घेतले, बाइंडिंगवाल्याने बाइंडिंगचे घेतले. लेखकाला मात्र कुणी काही दिलं नाही. त्यातले काहीजण गेले आणि त्यांच्या मुलांनी मला फोन करून विचारलं, "आंटी, इन किताबों का क्या करें?" तेव्हा वाईट वाटायचं. अजून वाटतं.

म्हणून ई-बुकं आली तेव्हा मी दोन्ही हातांनी स्वागत केलं. ई-बुक म्हणजे फोनवर वाचायचं पुस्तक. दिवाणाखाली जागा लागत नाही, बदलीचा त्रास नाही. पण ते विकायला ठेवलं की आपला वाचक किंमत बघून "नंतर बघू" म्हणतो, आणि तो नंतर कधी उगवत नाही. तेच फुकट ठेवलं की एका संध्याकाळी साताऱ्याहून सिडनीला जातं. मग लेखकाने खायचं काय? तर पुस्तक फुकट द्यायचं आणि पैसे दुसऱ्या दाराने आत आणायचे. शेवटच्या पानावर क्यूआर कोड छापून "आवडलं तर द्या" म्हणायचं. किंवा पुस्तक वाचून ज्याला आणखी हवंय त्याला क्लास, व्याख्यान, छापील प्रत असं काहीतरी विकायचं. किंवा एखाद्या दुकानदाराची जाहिरात घ्यायची. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की माणसं मधे येतात.

जाहिरातीचंच घ्या. एक मराठी डॉक्टर, नोएडाला दवाखाना. मधुमेहात काय खावं यावर त्यांनी छान पुस्तक लिहिलं होतं. ते फुकट द्यायचं ठरलं आणि जाहिरातदार शोधायला आम्ही दोघं फिरलो. औषधवाले नाही म्हणाले, चष्मेवाले नाही म्हणाले. शेवटी गाझियाबादचे एक मिठाईवाले लालाजी तयार झाले. डॉक्टर हबकले. "लालाजी, यह किताब शुगर के मरीज़ों के लिए है."

"तो जी, मेरे सबसे पुराने ग्राहक वही तो हैं," लालाजी म्हणाले.

वर जाहिरात कुठे हवी, तर "हे पदार्थ टाळा" या पानाच्या अगदी समोर. "नज़र वहीं रुकेगी." डॉक्टरांनी रात्रभर विचार केला आणि जाहिरातीखाली बारीक अक्षरात "प्रमाणात" असा एक शब्द घालून आपलं मन शांत केलं. त्या पुस्तकाने त्यांना चांगले पैसे दिले. लालाजींना तर त्याहून चांगले. पुढच्या आवृत्तीला ते स्वतःहून आले.

दुसरे एक लक्ष्मीबाई नगरमधले अधिकारी, कवी. मी त्यांच्या संग्रहाच्या शेवटी "कविता आवडली तर कवीला एक चहा पाजा" असं लिहून क्यूआर कोड टाकला. वाचून त्यांना घाम फुटला. सरकारी नोकराने बाहेरून चहा घ्यायचा तर परवानगी लागते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी रीतसर विचारणा केली. वरून उलट विचारणा आली की वर्षाला अंदाजे किती चहा अपेक्षित आहेत. कवींनी दोन महिने त्या अंदाजावर घालवले. जास्त लिहिला तर लोभी दिसणार, कमी लिहिला तर कविता पडेल दिसणार. दरम्यान मला म्हणाले, "मॅडम, कोड दिसू द्या, फक्त चालायला नको." मी असा कोडही करून दिला. वाचकांच्या तक्रारी आल्या त्या मी ऐकून घेतल्या. परवानगी आली तोवर ते निवृत्त झाले होते आणि डॉक्टरांचं ते पुस्तक त्यांना लागू झालं होतं. आता चहा येतात, बिनसाखरेचे.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट शैलाताई खांबेट्यांची.

शैलाताई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. यजमान ऑडिटमधून निवृत्त झालेले. उभा संसार सरकारी क्वार्टरांत झाला, आता गाझियाबादला वसुंधरामध्ये फ्लॅट आहे. एक दिवस त्या मेट्रोची पिंक लाइन पकडून, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत माझ्या दुकानाचा जिना चढून आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "वृंदा, मी पुस्तक केलंय. यात आहे." आणि माझ्या हातात फोन ठेवला.

पुस्तक त्यांनी लिहिलं नव्हतं, फोनमध्ये बोलून ठेवलं होतं. स्वयंपाक करता करता. बदलीच्या गावांत आणि दिल्लीच्या क्वार्टरांत शेजारणींकडून जे शिकल्या आणि जे शिकवलं ते सगळं. वरच्या बंगाली बाईंची मोहरीची फोडणी आपल्या वांग्याला कशी चालते. दिल्लीच्या थंडीत पुरणपोळीची कणीक कुठे ठेवायची, तर गीझरच्या खाली. गोड्या मसाल्याचं दगडफूल इथल्या वाण्याकडे मागितलं तर तो दगड दाखवायचा. शेवटी समोरच्या तमिळ मामींच्या डब्यात ते निघालं, त्यांच्याकडे त्याला दुसरंच नाव. बोलताना त्या इतक्या रंगायच्या की "तीन शिट्ट्या करा" असं सांगत असताना मागे कुकर पाचवी शिट्टी देत असायचा. मी कुठली लिहू असं विचारलं तर म्हणाल्या, "मी सांगते ती लिही. कुकरचं काय ऐकतेस!"

टायपिंगचं बोलणं झालं. मग त्यांनी दार लोटून घेतलं, खालच्या "दो सौ में दो"चा आवाज थोडा कमी झाला, आणि म्हणाल्या, "वृंदा, मला यातून पैसे हवेत."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मला कुठल्याच मराठी लेखकाने असं सरळ सांगितलं नव्हतं. आपल्याकडे लेखक आधी "पैशाचं काही नाही हो" म्हणतो, चहा पितो, निघतो, आणि जिन्यावरून परत येऊन विचारतो. मी म्हटलं, "कशासाठी?"

"अक्काची पंचाहत्तरी आहे डिसेंबरात."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सांगलीला. शाळेत मास्तरीण होती. शैलाताई माहेरी गेल्या की अक्का साडी नेसवणार आणि म्हणणार, "माझ्या पगारातली आहे, नीट वापर." शैलाताईही अक्काला साड्या द्यायच्या, पण त्यासाठी खांबेटे साहेबांकडे पैसे मागावे लागायचे. साहेबांनी कधी नाही म्हटलं नाही. फक्त विचारायचे, "किती? कशाला? मागच्या वेळी किती झाले होते?" स्वभाव कंजूष नाही. आयुष्यभर ऑडिट केलं, विचारल्याशिवाय पैसा सुटत नाही इतकंच.

"साडी मी देते गं, पण देतात हे," शैलाताई म्हणाल्या. "या वेळी तिकीट माझं हवं आणि आहेर माझा हवा. एकदाच. पंचाहत्तरीनंतर कुणी सांगावं."

डोळे पुसले आणि लगेच, "हसू नकोस," म्हणाल्या. मी हसत नव्हते.

आता खांबेटे साहेबांना पटवायचं होतं. मी रविवारी वसुंधराला गेले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुस्तक फुकट द्या, बिल्कुल हरकत नाही. पण शेवटी हे काय? लोकांपुढे हात पसरायचे? उद्या लोक म्हणतील, खांबेट्यांना पेन्शन पुरत नाही."

मी म्हटलं, "साहेब, हात पसरायचा प्रश्नच नाही. ज्याला आवडेल तो देईल."

"म्हणजे देवळातली पेटी."

"मेहनत आहे त्यांची."

"स्वयंपाक केला तिने," साहेब म्हणाले. "तो रोजच करते."

हे ऐकून शैलाताईंनी चहाचे कप उचलले आणि जरा जोरातच आपटले. त्या आवाजाने साहेब नरमले असावेत, कारण नंतर म्हणाले, "ठीक आहे. पण छापण्याआधी शेवटचं पान मी तपासणार."

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. शेवटचं पान हे ई-बुकातलं सगळ्यात अवघड पान. मी तिथे सगळं करून पाहिलं आहे. "ऐच्छिक मूल्य" लिहिलं की वाचकाला वाटतं शाळेची फी. "देणगी" लिहिलं की त्याला पावती हवी असते. "सहकार्य करा" लिहिलं की तो म्हणतो माझ्या शुभेच्छा आहेतच. पुस्तक वाचून रडलेली माणसं मला भेटली आहेत, ज्यांनी त्या पानावर येताच डोळे पुसून फोन बंद केला. शैलाताईंच्या पुस्तकात मी लिहिलं होतं, "पदार्थ जमला? घरच्यांनी बोटं चाटली? मग ताईंच्या कष्टाची आठवण ठेवा." मला ते वाक्य फार आवडलं होतं.

बँकेत त्यांचं एकटीचं खातं उघडलं. काउंटरवरच्या मुलीने व्यवसाय विचारला. मी म्हटलं, "लेखिका." त्यांनी मला कोपराने ढोसलं, पण घरी जाताना मेट्रोत दोनदा हसल्या.

साहेबांनी शेवटचं पान तपासून परत पाठवलं. मी त्या आठवड्यात मंडळाच्या गणपतीच्या पत्रकांत बुडाले होते, पान आलं तसं जोडलं आणि पुस्तक फोनच्या गटांवर सोडून दिलं. सकाळी पाठवलं आणि दुपारी कॅन्टोन्मेंटमधल्या बायकांच्या गटातून ते मलाच परत आलं. उघडून बघते तर क्यूआर कोडच्या खाली, ठळक अक्षरांत: "कृपया आहेर आणू नये. आपल्या शुभेच्छा हाच आमचा आहेर."

मी साहेबांना फोन केला. सुभेदार म्हणतात की तो आवाज खालच्या जीन्सवाल्यापर्यंत गेला.

"साहेब, हे लग्न आहे का?"

"मजकुरात सौम्यपणा हवा होता," साहेब म्हणाले. "कोड आहे तिथेच आहे, मी काढला नाही. फक्त कुणाला सक्ती वाटू नये. संस्कृती म्हणून काही असतं."

मी फोन आपटला. पुस्तक हजारो फोनांत गेलं होतं, परत बोलावता येत नव्हतं. शैलाताईंना काय तोंड दाखवू या विचारात मी संध्याकाळपर्यंत बसले. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. आवाज घाबरलेला. "वृंदा, कुणीतरी एकशे एक रुपये पाठवलेत. मग एक्कावन्न आले. आता दोनशे एक्कावन्न. चूक झालीय का काही?"

चूक झाली नव्हती. माझ्याच डोक्यात उशिरा प्रकाश पडला. मराठी माणूस जन्मभर पत्रिकेवर "आहेर आणू नये" वाचतो आणि खिशात पाकीट घालूनच कार्याला जातो. ते वाक्य वाचलं की त्याचा हात आपोआप खिशाकडे वळतो. न देऊन चालणार नाही हे त्याला आतून कळतं. पुस्तकाची किंमत द्यायला ज्यांच्या जिवावर येतं तेच लोक आहेर देताना मागेपुढे बघत नाहीत. आणि सगळ्या रकमांवर तो वरचा एक रुपया. एकशे एक, पाचशे एक. सोबत निरोप: "कदम परिवारातर्फे." "सौ. व श्री. पाठक, देवळाली कॅम्प." एकाने तर "वधूवरांस शुभाशीर्वाद" असंही लिहिलं होतं, सवयीने लिहिलं गेलं असणार.

इतकी वर्षं मी त्या पानावर डोकं फोडलं आणि ते कोडं एका ऑडिटवाल्याने, पैसे येऊ नयेत म्हणून, सोडवलं. मी साहेबांना फोन करून अभिनंदन केलं.

शैलाताईंना फोनवरचे संदेश नीट दिसायचे नाहीत, म्हणून मी त्यांना पैसे आले की बोलणारा डबा आणून दिला. दिल्लीत प्रत्येक भाजीवाल्याच्या गाडीवर असतो तोच. त्यांनी तो फ्रिजवर ठेवला. साहेब जपाला बसलेले असले की मधेच फ्रिजवरून हिंदीत ठणठणीत आवाज यायचा, "एक सौ एक रुपये प्राप्त हुए." पहिले काही दिवस साहेब दचकायचे आणि डब्यावर टॉवेल टाकायचे. महिन्याभराने एकदा मी गेले असता पेपर खाली ठेवून त्यांनी बायकोला विचारलं, "आज अजून वाजला नाही का गं?"

सगळं उत्तम चाललं होतं. नोव्हेंबर लागला तशी मी तिकिटाची आठवण करून द्यायला फोन केला, तर शैलाताई म्हणाल्या, "मी तुझ्याकडेच येतेय. बाजारात आहे." आणि जिना चढून आल्या त्या दोन्ही हातांत भल्या मोठ्या पिशव्या घेऊन. पिशव्यांत ब्लाउजपीस. हिरवे, लाल, जांभळे, डाळिंबी.

"हे काय?"

"परतीचा आहेर," त्या म्हणाल्या. "लोकांनी आहेर केला, आपण तसंच बसायचं का? पत्ते विचारून घेते आणि दर आठवड्याला पाठवतेय कुरिअरने. पुरुष असेल तर टॉवेल."

मी खुर्चीत बसले. "पैसे किती उरलेत?"

शैलाताई पिशवीत बघू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "कुरिअरवाले फार घेतात गं."

म्हणजे एक्कावन्न रुपये देणाऱ्याला देवळालीपर्यंत ब्लाउजपीस गेला होता, आणि ब्लाउजपीसपेक्षा जास्त पैसे कुरिअरला. जे आलं होतं ते जवळजवळ सगळं परत गेलं होतं. तिकीट नव्हतं. साडी नव्हती. पंचाहत्तरी तोंडावर आली होती. मी फार चिडले. म्हटलं, "शैलाताई, तो आहेर नाही! तुम्ही पुस्तक केलंत, लोकांनी त्याचे पैसे दिलेत. मी टायपिंगचे घेते तेव्हा तुम्हाला ब्लाउजपीस देते का?"

"पण शेवटी आहेर असंच लिहिलंय ना."

"ते साहेबांनी लिहिलंय!"

"अगं पण घेऊन गप्प बसायचं म्हणजे... मला नाही जमत. कुणाचं घेतलं की परत केल्याशिवाय मला झोप लागत नाही." आणि मग त्या खरंच रडल्या. "अक्काकडे पुन्हा यांच्याच पैशाने जायचं का आता?"

खाली जीन्सवाला ओरडत होता. मी त्यांना पाणी दिलं. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. हा रोग एकट्या शैलाताईंचा नाही, आपल्या घरोघरी आहे. शेजारणीची वाटी रिकामी परत द्यायची नाही हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांना घेऊन गप्प बसा असं सांगून काय होणार? तेव्हा विचार केला, की वाटी भरूनच द्यायची तर जे घरात आहे त्यानेच भरावी. म्हटलं, "द्या परतीचा आहेर. पण पीस नाही, टॉवेल नाही. पुस्तकात नसलेला एक पदार्थ द्या. फोनवर बोलून पाठवा. जो पैसे देईल त्याला."

त्यांनी डोळे पुसले. "तेवढ्याने चालेल?"

"धावेल."

धंद्यात याला मोठं नाव आहे, पैसे देणाऱ्याला खास मजकूर देणे वगैरे. शैलाताईंनी त्याला परतीचा आहेरच म्हटलं आणि मग त्यांना कुणी आवरू शकलं नाही. हिरव्या टोमॅटोची चटणी, मटारच्या सालांची भाजी, उरलेल्या भटुऱ्याच्या पिठाच्या तिखटमिठाच्या पुऱ्या. बायका ते बोलणं एकमेकींना पुढे पाठवू लागल्या, आणि ज्यांच्यापर्यंत ते पोचलं त्यांना पुढचा पदार्थ हवा म्हणून त्याही आहेर करू लागल्या. फ्रिजवरचा डबा दिवसभर बोलत होता. साहेबांनी त्याला चार्जिंगला लावण्याचं काम स्वतःकडे घेतलं. तिकिटाचे पैसे झाले. लाजपत नगरला आम्ही दोघींनी जाऊन चंदेरी साडी घेतली, मोतिया रंगाची. शैलाताईंनी दुकानात स्वतःचा फोन पुढे केला, पैसे दिले आणि साडीची पिशवी मला उचलू दिली नाही.

तिकिटं दोन काढली, साहेबांचंही. साहेबांनी पाकीट काढलं तर शैलाताईंनी विचारलं, "किती? कशाला?" साहेबांनी पाकीट आत ठेवलं.

आणि निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन. "वृंदा, अक्काच्या मुलाने पत्रिका पाठवलीय." आवाज अगदी पडलेला. "खाली काय लिहिलंय माहितेय? कृपया आहेर आणू नये. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा माझा स्वतःचा आहेर घेतला, आणि अक्का म्हणते आणू नकोस!"

मी विचारलं, "शैलाताई, हेच वाक्य तुमच्या पुस्तकात आहे ना? लोकांनी काय केलं?"

पलीकडे त्या इतक्या मोठ्याने हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

निजामुद्दीनहून मिरजेची गाडी. मी आणि सुभेदार सोडायला गेलो. साहेबांच्या हातात बॅग होती, शैलाताईंच्या मांडीवर साडीची पिशवी. पर्समध्ये काहीतरी चौकोनी दिसलं. "हा डबा कशाला घेतलात?"

"घरी कोण ऐकणार त्याला?" साहेबच म्हणाले.

पुढचं मला फोनवरून कळलं, पण शैलाताईंनी ते इतक्या वेळा सांगितलंय की मी तिथे होते असंच वाटतं. हॉल भरलेला. अक्काला पाटावर बसवलेलं, पंचाहत्तर दिव्यांनी औक्षण झालं. शैलाताईंनी साडी पुढे केली आणि म्हणाल्या, "अक्का, ही माझी आहे. माझ्या पैशाची." अक्काने साडी उलगडली, पदर गालाला लावला, आणि सगळ्यांदेखत आहे त्या साडीवरच खांद्यावरून घेतली. मग चष्मा लावला, मुलाकडून आपला फोन मागवला, त्यात काहीतरी शोधलं आणि बराच वेळ बोटं चालवत बसली. लोक वाट बघत होते. गुरुजी वाट बघत होते. तेवढ्यात शैलाताईंच्या पर्समधून, भर हॉलमध्ये, खणखणीत हिंदीत आवाज आला: "पाँच सौ रुपये प्राप्त हुए."

सगळा हॉल पर्सकडे बघू लागला. शैलाताई ओशाळल्या. "अगं अक्का, हे काय? आज तुझा दिवस, तू कशाला आहेर करतेस?"

"आहेर कोण करतंय?" अक्का म्हणाली. मास्तरणीचा आवाज, मागच्या रांगेपर्यंत पोचणारा. "तुझं पुस्तक वाचलं मी. दोनदा वाचलं. फुकट वाचून कशी ठेवू?"

त्याच रात्री शैलाताईंचा मला फोन आला. मागे साहेबांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी शेवटचं पान कसं लिहायचं ते समजावत होते. शैलाताई म्हणाल्या, "वृंदा, पाचशे. नुसते पाचशे गं. वर एक रुपया नाही!"

मला राहवेना म्हणून विचारलं, "मग परतीच्या आहेराचं काय केलंत?"

"कसला परतीचा आहेर?" शैलाताई म्हणाल्या. "विकत घेतलंय तिने."